पडद्यावरची भेग

आमच्या आईने उभ्या आयुष्यात रविवारची मिस्सा क्वचितच चुकवली असेल. २०१९ साली पडून तिच्या मांडीचे हाड मोडले आणि ती अंथरुणाला खिळली. पुढच्याच वर्षी महामारीने चर्चचे दरवाजे धडधाकट माणसांनाही बंद केले. तेव्हा आमच्या धर्मग्रामात वेदीसमोर कॅमेरा लागला आणि मिस्सा घरोघरी दिसू लागली. आईच्या खोलीत एक जुना संगणक होता. तो आम्ही तिच्या पलंगासमोर सरकवून दिला आणि एक मोठे कर्तव्य पार पाडल्याचे समाधान मानले.

या संगणकाला दहा-अकरा वर्षे झाली होती. त्यावरील विंडोज सातला मिळणारी सुरक्षेची दुरुस्ती जानेवारी २०२० मध्ये थांबली, आणि नवी प्रणाली त्या म्हाताऱ्या यंत्राला झेपणारी नव्हती. २०२१ च्या सप्टेंबरात आमचा भाचा घरी आला असता त्याने त्यावर लिनक्सची डेबियन ही मांडणी बसवली. तिची अकरावी आवृत्ती नुकतीच, ऑगस्टमध्ये, निघाली होती. सोबत एक्सएफसीई नावाचा हलकाफुलका डेस्कटॉप दिला. यंत्र तरतरीत झाले, भाचा पुण्याला परतला, आणि पहिल्याच रविवारी आईने तक्रार केली.

"अरे, फादर मध्येच कापल्यासारखे दिसतात."

आम्ही जाऊन पाहिले. तिचे म्हणणे खरे होते. चित्र स्थिर असले की सारे ठीक. पण काही हलले की पडद्यावर एक आडवी भेग उमटे. भेगेच्या वरचा भाग मागे रेंगाळे, खालचा पुढे निघून जाई. फादरांनी होस्तिया वर उचलली तेव्हा हात एका क्षणाचे होते आणि होस्तिया आदल्या क्षणाची. शुभशुक्रवारी मंदिराचा पडदा वरून खालपर्यंत फाटला. आमचा आडवा फाटतो आहे, असे आम्ही थट्टेने म्हणालो. आईला थट्टा रुचली नाही. तिने भिंतीकडे तोंड केले. तेव्हा आम्हांला कळले की आमच्या लेखी जो बारीकसा दोष होता, तो तिच्या लेखी वेदीचा अवमान होता.

आम्ही भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, तुमचा कंपॉझिटर नीट चालत नाही."

कंपॉझिटर म्हटल्यावर आमच्या डोळ्यांसमोर छापखाना उभा राहिला. खिळे जुळवून पानाची चौकट भरणारा जुळारी आम्ही तरुणपणी पाहिला होता. भाच्याने समजावल्यावर ध्यानात आले की नाव अगदी योग्य आहे. संगणकाच्या पडद्यावर एका वेळी अनेक खिडक्या उघड्या असतात. एक्स नावाची जी व्यवस्था लिनक्सवर या खिडक्या दाखवते, ती १९८४ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जन्मली. तिच्या जुन्या रीतीत प्रत्येक खिडकी आपले चित्र थेट पडद्यावर रेखाटी. एक खिडकी बाजूला झाली की खालच्या खिडकीला आपला झाकलेला भाग पुन्हा रेखाटावा लागे. २००४ साली या व्यवस्थेत नवी सोय आली. प्रत्येक खिडकीने आपले चित्र पडद्याआड, स्मृतीतील एका कोपऱ्यात काढायचे. जुळाऱ्याने ती सारी चित्रे एकावर एक नीट मांडायची आणि संपूर्ण पान तयार झाले की मगच ते पडद्यावर आणायचे.

भेगेचे कारणही यातच आहे. आमच्यासारखा साधा पडदा सेकंदाला साठ वेळा वरपासून खालपर्यंत नव्याने रंगवला जातो. रंगकाम अर्ध्यावर असताना चित्र बदलले, तर वरचा भाग जुना आणि खालचा नवा दिसतो. यावर उपाय एकच. एक फेरी संपून दुसरी सुरू होण्याआधी जी क्षणभर उसंत असते, तिची वाट पाहायची आणि तेवढ्यात चित्र बदलायचे. या वाट पाहण्याला व्हीसिंक म्हणतात.

एक्सएफसीईपाशी स्वतःचा जुळारी असतो, पण आमच्या जुनाट चित्रयंत्रणेशी त्याचे सूत जुळत नव्हते. म्हणून भाच्याने पिकॉम नावाचा वेगळा जुळारी बसवायला सांगितले. या पिकॉमची वंशावळ ऐकून आम्हांला मौज वाटली. कीथ पॅकार्ड या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने एक छोटा जुळारी लिहिला. त्यावरून इतरांनी कॉम्प्टन नावाचा दुसरा तयार केला. पुढे कॉम्प्टनचे मूळ कर्ते त्यापासून दूर झाले, तेव्हा आणखी कोणी ते काम हाती घेतले आणि २०१९ साली त्याला पिकॉम हे नाव मिळाले. ते कोणीही फुकट घ्यावे, वापरावे, सुधारावे. ज्यांचा चेहरा आम्ही कधी पाहणार नाही, अशा माणसांनी आमच्या आईच्या मिस्सेसाठी, नकळत का होईना, श्रम केले होते.

बसवणे मुळीच कठीण नव्हते. टर्मिनल उघडून 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल पिकॉम' एवढा हुकूम रोमन लिपीत टंकला आणि मिनिटभरात काम झाले. मग पिकॉम सुरू केला, तर त्याने उलट टपालीच नकार कळवला: दुसरा जुळारी आधीच कामावर आहे. एका पडद्याला एकच जुळारी चालतो. एक्सएफसीईच्या 'विंडो मॅनेजर ट्वीक्स' या खिडकीत 'कंपॉझिटर' नावाचे पान असते. तेथील खूण काढून आम्ही पहिल्याला रजा दिली, तेव्हा दुसरा कामावर आला.

येथवर थांबलो असतो तर बरे झाले असते. पण पिकॉमला कसे वागावे ते सांगणारी एक साधी मजकुराची फाइल लागते, आणि ती स्वतः लिहिण्याचा आळस करून आम्ही कोणा अनोळखी हौशी माणसाने तयार केलेली फाइल जशीच्या तशी उचलली. तीत खिडक्यांना सावल्या होत्या, पारदर्शकपणा होता, आणखी काय काय होते. ती घालून पिकॉम पुन्हा सुरू केला मात्र, पडदा काळाठिक्कर पडला.

आम्हांला घाम फुटला. भाचा मात्र शांत होता. "कंट्रोल, ऑल्ट आणि एफ २ एकदम दाबा." पांढऱ्या अक्षरांचा साधा काळा फलक आला. नाव आणि परवलीचा शब्द देऊन आम्ही आत शिरलो. 'पीकिल पिकॉम' या हुकमाने जुळाऱ्याला थांबवले, आणि एफ ७ घेऊन परतलो तो डेस्कटॉप जागच्या जागी होता. दोष फाइलीतील एका ओळीत होता. चित्र जुळवण्याच्या कामासाठी तीत जीएलएक्स ही पद्धत नेमली होती. ती वेगवान खरी, पण आमच्या जुन्या चित्रयंत्रणेला पेलत नव्हती. तेथे एक्सरेंडर ही साधी पद्धत लिहिली. व्हीसिंकपुढे 'ट्रू' लिहिले. वेगाने जाणाऱ्या आगगाडीचे चित्रण लावून पाहिले, तर डबे खिडक्यांसकट सरळ धावत होते. भेग गेली होती.

रविवारी आम्ही ऐटीत मिस्सा लावली. आईला नीट दिसावे म्हणून चित्र पडदाभर केले. प्रवेशगीत सुरू झाले आणि भेग पुन्हा उमटली!

त्या दिवशी आईने काही म्हटले नाही. तेच अधिक लागले.

संध्याकाळी भाच्याने आम्हांला एक नियम घालून दिला: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग पाहायचे, मग पुढची. आम्ही उसनी फाइल बाजूला सारली आणि कोरी फाइल घेऊन एकेक ओळ तपासत लिहिली. सावल्या नकोत. निष्क्रिय खिडकी फिकी करणारी ओळ नको. तिच्यामुळे दुसरीकडे कोठे बोट लागताच फादरांच्या आरपार पार्श्वभूमीचे चित्र दिसू लागे. शेवटी एक विचित्र नावाची ओळ सापडली, 'अनरीडिर-इफ-पॉसिबल'. तिचा अर्थ असा की एकाच खिडकीने सारा पडदा व्यापला असेल, तर आता जुळवण्यासारखे काही उरले नाही असे समजून जुळाऱ्याने बाजूला व्हावे. यंत्राचे श्रम वाचावेत हा त्यामागचा हेतू. पण जुळारी बाजूला झाला की त्याचे वाट पाहणेही थांबते, आणि भेग परत येते. आगगाडी आम्ही लहान खिडकीत पाहिली होती. मिस्सा पडदाभर होती. त्या ओळीपुढे 'फॉल्स' लिहिले आणि आगगाडी पडदाभर धावडवून पाहिली. नंतर 'सेशन अँड स्टार्टअप' मध्ये नोंद केली, म्हणजे संगणक सुरू होताच पिकॉम आपोआप कामाला लागेल.

पुढच्या रविवारी मात्र आम्ही धोका पत्करला नाही. भेग दिसते का हे पाहण्यासाठी पलंगाशेजारी खुर्ची टाकून मिस्सा संपेपर्यंत बसलो. एकही भेग दिसली नाही. फादरांनी होस्तिया उचलली, ती हातांसह अखंड वर गेली. आई उशीवरून मान उचलून पाहत होती, आणि कित्येक महिन्यांनी मिस्सेची सारी उत्तरे मोठ्याने देत होती. ओघाने आम्हीही देत होतो.

७ ऑक्टोबर २०२१ ला महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे पुन्हा उघडली. त्या रविवारी आम्ही सकाळच्या मिस्सेला चर्चमध्ये जाऊन आलो. नंतरच्या मिस्सेच्या वेळी आईचा संगणक लावला, चित्र पडदाभर केले, ते निर्दोष असल्याची खात्री केली आणि वाडीत माडांकडे निघालो. परत आलो तेव्हा समाप्तीचे गीत चालू होते. आई गप्प पडून होती.

"चित्र पुन्हा बिघडले का?" आम्ही विचारले.

"चित्र चांगलं आहे रे," ती म्हणाली. "मागच्या रविवारी तू होतास. एकटीने उत्तरं कोणाबरोबर द्यायची?"

आम्ही तसेच उभे राहिलो. एका खिडकीने सारा पडदा व्यापला, आता आपले काम संपले, असे समजून बाजूला होण्याची ती ओळ आम्ही फाइलीत 'फॉल्स' करून ठेवली होती. घरात मात्र ती पहिल्या दिवसापासून 'ट्रू' होती. दीड वर्ष आम्ही आईला मिस्सा लावून देत होतो आणि तिलाच मिस्सेत सहभागी होणे समजत होतो.

त्यानंतर दर रविवारी खुर्ची पलंगाशेजारीच राहिली. कधी आम्ही, कधी सूनबाई, कधी नातवंडांपैकी कोणी. २०२३ च्या पावसाळ्यात आई देवाघरी गेली. आदल्या रविवारी तिचा आवाज अगदी क्षीण झाला होता, पण उत्तरे तिने दिली, आणि ती ऐकायला आम्ही जवळ होतो.