आडवा हात

मे महिन्याच्या सुट्टीत थोरल्याच्या नावावर एक लांबोडकं खोकं आलं. उघडलं तर आत लाकडाचं एक कोरं धड, वेगळी मान, तारांचं भेंडोळं आणि पुडीत बांधलेले स्क्रू. इलेक्ट्रिक गिटारचे सुटे भाग होते ते. आपणच घासायचे, रंगवायचे, जोडायचे. आळेफाट्याच्या कांदा बाजारात सुट्टीभर पावत्या लिहून मिळवलेले पैसे त्यानं त्यात घातले होते. त्याच्या अब्बांनी खोक्याकडे एकदा पाहिलं आणि काही न बोलता ते असरच्या नमाजला निघून गेले.

वाद्याबद्दल आपल्या घरांतून दोन मतं असतात, ती आमच्याही घरात आहेत. मी शिक्षिका आहे, मुफ्ती नाही. त्या चर्चेत मी पडत नाही. मला काळजी होती ती वेगळीच. पोराचं डिप्लोमाचं दुसरं वर्ष नुकतंच संपलं होतं, दोन विषय राहिले होते, आणि हा ओट्यावर बसून लाकूड घासत होता.

घासतही चुकीचं होता. पॉलिश पेपर चिमटीत धरून गोल गोल फिरवत होता. दोन दिवस मी पाहिलं, तिसऱ्या दिवशी राहवलं नाही. त्याच्या हातातून पेपर घेतला, लाकडाच्या एका सपाट ठोकळ्याला गुंडाळला आणि रेषेच्या दिशेनं लांब हात मारला. तो बघतच राहिला. "अम्मी, तुला हे कुठून येतं?"

माझे अब्बा फर्निचरला पॉलिश करायचे. जुन्नरच्या घराच्या पडवीत खुर्च्या उलट्या करून ठेवलेल्या असत आणि शाळेतून आल्यावर त्यांचे पाय घासणं हे माझं काम. आधी 120 नंबरचा पेपर, मग 180, मग 220. मधला नंबर गाळायचा नाही, कारण जाड पेपरचे ओरखडे पुढचा पेपरच काढू शकतो, त्याच्या पुढचा नाही. घासून झालं की ओल्या फडक्यानं लाकूड पुसायचं. पाणी लागलं की दबलेले तंतू उभे राहतात, हाताला खरखर लागते. वाळलं की ते हलक्या हातानं काढायचे. हे आधी केलं नाही तर रंग लावताना ते तंतू उभे राहतात आणि सगळी मेहनत फुकट जाते. हे सगळं मी मुलाला सांगत गेले. इतकी वर्षं तोंडातून न निघालेली गोष्ट इतकी सलग निघाली याचं माझं मलाच नवल वाटलं.

गिटारचं धड महोगनीचं होतं. या लाकडाला बारीक उघडी छिद्रं असतात. ती भरली नाहीत तर वरचं पॉलिश त्यात बसत जातं आणि काचेसारखा सपाटपणा येत नाही. अब्बा खडूची पूड आणि रंगाची माती अळशीच्या तेलात कालवून भरायचे. मुलानं पाण्यात कालवायचं भरण मागवलं होतं, त्यात आम्ही थोडा तपकिरी रंग मिसळला. एवढं एकच काम रेषेला आडवं करायचं असतं. भरण आडवं चोळायचं म्हणजे ते छिद्रात दाबलं जातं, आणि ओलसर असतानाच गोणपाटाच्या तुकड्यानं आडवंच पुसून घ्यायचं. रेषेच्या दिशेनं पुसलं तर भरलेलं परत उपसून येतं. मग रात्रभर वाळू द्यायचं. सतार-तंबोऱ्याचा आवाज पोकळ भोपळ्यातून घुमतो. इथे धड भरीव, तारेचा कंप खालचं चुंबक आणि त्यावरची तारेची गुंडाळी पकडते. त्यामुळे भरणानं आवाज दबेल अशी भीती नव्हती.

हे करताना तो बोलायला लागला. समोरासमोर बसवून विचारलं असतं तर बोलला नसता. डिप्लोमा सोडायचा म्हणत होता. मिरजेला जाऊन वाद्यं बनवणाऱ्यांकडे शिकायला राहायचं.

मिरजेची गोष्ट मला ठाऊक होती. तिथली सतारमेकर घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारी, आपलीच माणसं. हत्यारांचे दिवस सरले तसे ते वाद्यांच्या दुरुस्तीकडे आणि मग घडणीकडे वळले. फरीदसाहेबांचं नाव त्यात पहिलं घेतात. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा आणि तुणीचं लाकूड घेऊन त्यांनी गावाचं नाव देशभर नेलं. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ तिथेच स्थायिक झाले आणि 1937 साली गेल्यावर तिथल्याच दर्ग्याच्या आवारात दफन झाले. वर्गात मुलांना मी हे कौतुकानं सांगते. स्वतःच्या मुलाच्या तोंडून ऐकल्यावर मात्र ओठांवर आलं, "पॉलिशवाला होणार का?"

बोलले नाही, पण आलं होतं. बी.एड.च्या प्रवेश अर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे मी "फर्निचर व्यापारी" लिहिलं होतं. अर्ज अब्बांनीच सहीसाठी हातात घेतला. मराठी त्यांना अक्षर अक्षर जोडून वाचता यायचं. त्यांनी वाचलं, सही केली, आणि अर्जावर डाग पडू नये म्हणून तो दोन बोटांच्या टोकांनी धरून मला परत दिला. त्यावर आमच्यात कधी बोलणं झालं नाही. थोरला चार वर्षांचा असताना ते अल्लाहला प्यारे झाले.

त्या संध्याकाळी मगरीबची वेळ होत आली होती. मी घाईघाईनं धडाच्या कडेवरून पेपर ओढला. दुसऱ्या दिवशी अक्रोडी स्टेन लावला आणि त्या कडेवर तीन काळ्या रेघा उठल्या. कोऱ्या लाकडावर आडवा ओरखडा दिसत नाही. रंग तिथे जास्त मुरतो आणि मग तो दिसतो.

"हे तू घासलंस का अम्मी?"

"नाही," मी म्हणाले. फडकं धुवायला आत गेले, परत आले आणि सांगितलं, "मीच."

ती कड पुन्हा 120 पासून घासली. तरी एक रेघ राहिलीच. जास्त घासलं असतं तर कडेचा आकार गेला असता. वरून चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्यानं पातळ हात दिले, अब्बा द्यायचे तसे. पाऊस सुरू व्हायच्या आत हे उरकायचं होतं, कारण दमट हवेत चपडा पांढरा पडतो. माझी बोटं तपकिरी झाली. शाळा उघडली तेव्हा एका बाईंनी विचारलं, "मेंदी उतरली नाही का अजून?" मी म्हटलं, "पॉलिश आहे. माझ्या वडिलांचं काम होतं." त्या "हो का?" म्हणाल्या आणि हजेरी घेऊन वर्गावर गेल्या.

जूनमध्ये एका रविवारला जोडून रजा काढून आम्ही दोघं मिरजेला जाऊन आलो. एका दुकानात एक वयस्क कारागीर तंबोऱ्याला बोळा मारत बसले होते. त्यांनी गिटार मांडीवर घेतली, तारांना हातही लावला नाही. अंगठा कडेवरून फिरवला आणि नेमका त्या रेघेवर थांबवला. "इथे हात आडवा गेलाय." मुलानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हो चाचा, गेला." मग त्यांनी पॉलिश कुणी शिकवलं विचारलं. "आमचे नाना पॉलिशवाले होते," त्यानं सांगितलं.

कारागिरांनी त्याला लगेच ठेवून घेतलं नाही. या कामात पोट भरायला वर्षं जातात, आधी हातातलं शिक्षण पुरं कर, दिवाळीच्या सुट्टीत ये, भोपळे घासायला लावीन, म्हणाले. राहिलेल्या दोन विषयांचे फॉर्म त्यानं भरले आहेत. गिटार खोलीत खुंटीला टांगलेली आहे. अजून तिचा आवाज यांच्या कानावर पडेल असा त्यानं काढलेला नाही. काल जेवताना मात्र यांनी विचारलं, "दिवाळीत मिरजेची एसटी आळेफाट्यावरून मिळते, की पुण्याला बदलावी लागते?"