रिकाम्या हातांनी

शाळेचा निरोप घेऊन आम्ही तिघे महाविद्यालयीन शिक्षणासाठी पुण्यास आलो आणि शनिवार पेठेतील एका जुन्या वाड्यात खोली घेऊन राहिलो. वसतिगृहाच्या मोकळ्या आवाराची सवय असलेल्या आम्हांला तेथील गल्ली अरुंद वाटे. म्हणून पहिल्याच श्रावणात आम्ही भीमाशंकर गाठले.

१९८५ पासून अभयारण्य असलेले हे रान पावसाळ्याचे दिवस ढगातच काढते. पाऊस थांबला तरी अंजनी, जांभूळ, पिसा यांच्यावरून पाणी ठिबकत राहते. कारण पाने आणि फांद्यांवरचे शेवाळ धुक्यातील सूक्ष्म थेंब अडवितात. त्या ओल्या सालीवर नेचे वाढतात, आमरी म्हणजे ऑर्किडही वाढते. बुलबुल फळे खाऊन बिया दूर टाकतात. झाडे पक्ष्यांना पोसतात आणि पक्षी रान पेरतात. धुक्यातून कोणी शीळ घालीत होते. आम्हांला गुराख्याचे पोर वाटले. तो शीळकरी कस्तूर होता. इंग्रजीत त्याला ‘शीळ घालणारा शाळकरी मुलगा’ म्हणतात हे पुढे कळले आणि तो आम्हांला आपल्याच वर्गातला वाटू लागला.

परतताना आम्ही उभ्या झाडावरची एक आमरी सालीसकट काढून घेतली. अभयारण्यातून रोप नेणे हा गुन्हा आहे, याचेही भान नव्हते. वाटेत भेटलेल्या एका महादेव कोळी आजोबांनी एवढेच विचारले, “पोरांनो, ही खाली जगायची कशी?” आम्ही हसलो.

खिडकीत टांगलेल्या त्या रोपाला आम्ही रोज पाणी घातले. महिन्याभरात देठ काळवंडले. आमरी बांडगुळासारखी झाडाचा रस शोषीत नाही. फांदीचा केवळ आधार घेऊन ती पाऊस, धुके आणि सालीवर साचलेला पाचोळा यांवर जगते. तिचे बी रुजण्यासही विशिष्ट बुरशीची सोबत लागते. हा सारा संसार आमच्या पिशवीत मावणारा नव्हता. न दिलेले घेणार नाही, हे शील शाळेत आम्ही रोज म्हणत होतो. त्याचा अर्थ त्या खिडकीपाशी उमगला.

आजही ओंकारेश्वराजवळ मुठा दुथडी भरून वाहू लागली, की ती आमरी आठवते. हे पाणी मुळेला मिळून पुढे भीमेस, त्याच रानातून निघालेल्या नदीस, जाऊन भेटते. आम्हीही दरवर्षी मुलाबाळांसह तेथे जातो. शीळ ऐकतो, आमरी डोळे भरून पाहतो आणि रिकाम्या हातांनी परततो. शाळेने लवकर शिकविलेले आम्ही उशिरा शिकलो. आजच्या विद्यार्थ्यांना इतका उशीर होऊ नये, हीच या स्मरणिकेच्या निमित्ताने सदिच्छा.