बीम उतरेपर्यंत

सुरतेत यंत्रमागाचा धंदा उधारीवर चालतो. सूत उधार, विणलेलं ग्रे कापड उधार, रिंग रोडच्या मार्केटमधला व्यापारीही पुढे उधारीवरच विकतो. कुणाचं उठमणं झालं, म्हणजे दिवाळं निघालं, की गाळ्याला रातोरात कुलूप लागतं आणि माणूस फोन उचलत नाही.

अपयश पचवा, असं उद्योजकांच्या मेळाव्यात सांगतात. पचवणं ज्याचं त्याने घरी करावं. माणसं हाताखाली असतील तर खरं काम वेगळं आहे : ते बोलून दाखवणं, आणि कुणाला आधी.

१ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला. कृत्रिम सुतावर १८ टक्के, कापडावर ५. ऑक्टोबरात सुताचा दर १२ वर आला, तरी करातला मधला फरक विणकराच्या खात्यात अडकून पडायचा. परतावा मिळू लागला तो १ ऑगस्ट २०१८ पासूनच्या खरेदीवर. आधीचं साचलेलं तेव्हा बुडीत धरलं गेलं. जुने शटलचे माग तेव्हा सुरतेत किलोच्या भावाने भंगारात जात होते. आमच्या उधन्याच्या शेडमधलेही निम्मे बंद करायचं ठरलं.

सुताच्या व्यापाऱ्याला आधी भेटा, असं सगळ्यांचं म्हणणं. मी कारीगरांना आधी सांगितलं. खानदेशातले होते, ओडिशातल्या गंजामचे होते. खोलीचं भाडं, गावी जाणारे पैसे, सगळं पगारावर. अफवेवरून त्यांना कळलं असतं तर चांगले हात आधी गेले असते, आणि म्हातारे अडकले असते.

मग माग एकदम थांबवले नाहीत. बीमवर, म्हणजे मागाच्या रुळावर, गुंडाळलेला ताणा संपत आला की एरवी नव्या बीमचे धागे जुन्याच्या टोकांना एकेक गाठ मारून जोडतात. ते करायचं नाही, एवढंच ठरवलं. प्रत्येक बीम आपल्या वेळी उतरला. कोणता माग कधी रिकामा होणार, ते दाराशी लिहून लावलं होतं. त्यावर बोट ठेवून कारीगर पांडेसरा, सचिन या भागांत काम बघून यायचे. कापडही अर्धवट राहिलं नाही. ते विकून आलेल्या पैशातून पगार चुकते झाले आणि सुताचे हप्ते सुरू झाले.

सगळ्यांना काम मिळालं नाही. नंदुरबारकडचे दोघे गावी परतले, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

अडचणीतले तरुण शेडवाले आता सल्ल्याला येतात. व्यापारी, बँक, व्याज, सगळं मांडतात. कारीगरांना सांगितलंत का, हे मी पहिलं विचारतो. बहुतेकांनी सांगितलेलं नसतं.