काट्यावरची ओल

आडत दुकानात वाढलेल्या माणसाचा काट्यावर फार विश्वास असतो. मंगळवेढ्याच्या बाजारात ज्वारीच्या भावावरून घासाघीस होते, प्रतीवरून होते, पैसे कधी मिळणार यावरून तर होतेच. पण काट्याने एकदा आकडा दाखवला की शेतकरी, आडत्या आणि खरेदीदार तिघेही गप्प. त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी वजन कमी करायला सांगितल्यावर मी घरी न जाता दुकानात आलो आणि पोती मोजायच्या काट्यावर उभा राहिलो. ९४ किलो. दरवर्षी तपासून शिक्का मारून घेतलेला काटा, शंकेला जागा नव्हती. बाजूला उभ्या हमालाने विचारलं, "शेठ, बारदान वजा करायचं का?"

प्रकरण सुरू झालं ते रक्ताच्या तपासणीवरून. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा ६.३ निघाला. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, असं बाईंनी समजावलं. मग त्यांनी टेप काढला आणि शेवटची बरगडी अन् कमरेचं हाड यांच्या मधोमध घेर मोजला. १०५ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांनी ९०च्या आत आणि बायकांनी ८०च्या आत असावं, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "अहो, माझी पॅन्ट छत्तीसची आहे. म्हणजे ९१ झाले." त्या हसल्या. पॅन्ट पोटाच्या खाली बसते, पोट वरून बाहेर येतं. शिंप्याच्या वहीत माझी कंबर कित्येक वर्षं छत्तीसच होती आणि मी त्यावर खूश होतो. आमच्या बाजारात निम्म्याहून जास्त लोक याच छत्तिशीत आहेत, हे त्या दिवसापासून मला दिसायला लागलं.

दिवाळी नुकतीच झाली होती. मी चहातली साखर सोडली, दुपारची भजी सोडली, रात्रीची एक भाकरी कमी केली आणि पहाटे पंढरपूर रस्त्याला चालायला लागलो. पहिल्या आठवड्यात काटा जवळपास दोन किलो खाली आला. घरात कौतुक झालं, मीही हवेत. एका ओळखीच्या व्यापाऱ्याने डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दोनच वेळा जेवायची पद्धत धरून बरंच वजन उतरवलं होतं. त्याला गाठायचे मनसुबे मी मनातल्या मनात रचले.

आणि मग काटा बसला. आज ९२.३, उद्या ९२.९, परवा ९२.१, पुन्हा ९२.८. पहाटेची थंडी, पायात गोळे, जेवताना समोर शेंगाची चटणी आणि त्यावर दही घालून बसलेली पोरं. एवढं सोसून हाती काय, तर दशांशातला खेळ. बाजारात येणारा प्रत्येक जण विचारायचा, "चालताय म्हणं? कायच फरक दिसंना की ओ." कुणी पावडर सुचवली, कुणी जिरं-ओव्याचा काढा. एकाने तर आपल्या ज्वारीवरच सगळी भिस्त ठेवली: गहू सोडा, नुसती मालदांडी खा, आपोआप उतरतं.

याबद्दल थोडं बोलतो, कारण माझं पोटच ज्वारीवर आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि ते रास्तच आहे. इथल्या काळ्या, खोल रानात पावसाळ्याच्या शेवटी पेरलेलं पीक जमिनीत मुरलेल्या ओलीवर थंडी काढतं. तिच्या पांढऱ्याशुभ्र, टपोऱ्या दाण्याची भाकरी गोड लागते. पण शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण ३३० ते ३५० कॅलरी असतात आणि गव्हाच्या पिठात जवळपास तेवढ्याच. ज्वारीने पोट जरा जास्त वेळ भरलेलं वाटतं, हे मान्य. मात्र तीन भाकऱ्या ठेच्याबरोबर आणि वर तेलाची धार घेऊन खाल्ल्या तर कुठलंही मानांकन कामाला येत नाही. मी ज्वारी विकतो, तरी हे सांगतो.

डिसेंबर उलटला आणि हुरड्याची आमंत्रणं सुरू झाली. आगटीत भाजलेली कणसं, तळहातावर चोळून फुंकर मारलेले ते हिरवे, गरम दाणे, सोबत गूळ, शेव, चटणी. मंगळवेढ्यात राहून हुरड्याला नाही म्हणायचं म्हणजे सोयरीक तोडण्यासारखं. एका रानात पोटभर खाऊन आलो आणि दुसऱ्या दिवशी काट्यावर थेट ९३.९. म्हणजे दिवाळीनंतरची सगळी चाल, सगळी उपासमार एका दुपारीत पाण्यात. त्या दिवशी चालायला गेलो नाही. डॉक्टरीणबाईंकडे गेलो आणि रक्त पुन्हा तपासा म्हणालो. त्यांनी साफ नकार दिला. ही तपासणी तांबड्या पेशींवर चढलेली साखर मोजते आणि त्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. तीन महिने झाल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या ओल्या ज्वारीचं वजन तुम्ही खरं धरता का?"

हे बोलणं माझ्या धंद्यातलं होतं. फेब्रुवारी-मार्चला नवी ज्वारी येते, तेव्हा खळ्यावरून थेट उचललेल्या मालात ओल असते. जुना माणूस पोत्यात हात घालतो, तळाचा एक दाणा दाताखाली धरतो. कट्ट वाजला तर वाळलेला, नुसता दबला तर ओला. ज्वारी टिकायला ओल १२ टक्क्यांच्या आसपास हवी. सोळा टक्के ओलीचं शंभर किलोचं पोतं वाळून बारावर आलं की साडेचार किलो कमी भरतं, आणि आतला दाणा मात्र एकही कमी झालेला नसतो. या साडेचार किलोंवरून मी आयुष्यभर वाद घातले आहेत.

शरीराचंही तसंच आहे, असं बाईंनी सांगितलं. यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण अर्धा किलो साखरेचा साठा असतो आणि त्यातला प्रत्येक ग्रॅम तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतो. खाणं कमी झालं की आधी हा साठा उतरतो, त्याबरोबर पाणी जातं. माझ्या पहिल्या आठवड्याच्या आनंदात चरबी थोडी आणि पाणीच जास्त होतं. पुढे नव्याने चालायला लागल्यावर दुखावलेले स्नायू पाणी धरतात, मिठाचं जेवण पाणी धरतं. चरबी जात असते, पण तिच्या जागी ओल येऊन बसते आणि काटा जागचा हलत नाही. हुरड्याच्या दिवशीचा किलोभर वाढावाही असाच: मीठ, गूळ आणि पोटात अजून असलेलं अन्न. एका दुपारीत किलोभर चरबी चढायला गरजेपेक्षा ७,७०० कॅलरी जास्त खाव्या लागतात. एवढा हुरडा मला कुणी वाढला नसता.

रात्री गल्ला बंद झाल्यावर मी हिशोब मांडला. माझ्या खाण्या-चालण्यातून दिवसाला फार तर ३०० कॅलरी कमी पडत होत्या. किलोभर चरबीला ७,७०० या मापाने दिवसाला ४० ग्रॅम. पोती मोजायच्या काट्यावर ४० ग्रॅम शोधत होतो मी! तांब्याभर पाणी प्यायलो तरी तो पाऊण किलो पुढे जातो. महिन्याची सगळी कमाई सव्वा किलोच्या आतबाहेर, आणि वजन एरवीही दिवसाला एक-दोन किलो खालीवर होतंच. लोक म्हणतात धीर धरा. नुसतं असं म्हणून माझ्यासारख्या व्यापाऱ्याला धीर धरता येत नाही. उधारीची मुदत कळली की मात्र वाट बघता येते. ती मुदत मला त्या रात्री कळली.

त्यानंतर मी सकाळी उठून, लघवीला जाऊन आल्यावर, काही न खाता-पिता घरच्या काट्यावर वजन करायचो आणि रोजमेळाच्या मागच्या पानावर लिहायचो. बघायचो ते फक्त आठवड्याची सरासरी. महिन्यातून एकदा पोटाचा घेर, तोही बायको मोजायची, कारण मी स्वतः टेप लावला की पोट आपोआप आत जातं. सरासरी अगदी कासवाच्या चालीने पण खालीच येत होती. काटा बसला होता त्याच काळात घेर तीन सेंटिमीटरने उतरला होता. मधे लग्नसराईत सरासरी दोन आठवडे वर गेली. बुंदी कुणाला चुकलीय?

उन्हाळ्यानंतर वेग आणखी मंदावला. शरीर हलकं झालं की त्याला लागतंही कमी, त्यामुळे तेवढ्याच जेवणात पूर्वीइतकी तूट पडत नाही. हे आधी माहीत असल्यामुळे या वेळी मी पावडरवाल्याचा नंबर घेतला नाही. संध्याकाळी आणखी एक चक्कर वाढवली. सोलापूर रस्त्याने माचणूरपर्यंत सायकलने जायचा बेतही केला होता, तो मात्र बेतच राहिला.

वर्षाच्या आसपास वजन ८६ वर, घेर ९६, साखरेचा आकडा ५.८. उंबरठ्यावरून अजून मागे फिरलेलो नाही, पण आत जायचं टळलं आहे. बाई म्हणाल्या, चालू ठेवा.

आणि दिवाळीत हुलजंतीला महालिंगरायाच्या यात्रेला गेलो. पालख्यांच्या भेटीला तुडुंब गर्दी, अंगावर भंडारा. त्या गर्दीत आत्याने मला गाठलं, दोन्ही हातांनी तोंड कुरवाळलं आणि चारचौघांत म्हणाली, "का रं, लय उतरलास. दुखणं बिखणं हाय का? सून जेवायला घालती का न्हाई?" मी साखरेचं, घेराचं सगळं सांगायला गेलो. तोवर तिने पिशवीतून कडक भाकरीची चवड काढली होती आणि बायको माझ्याकडे असं बघत होती की मी मुकाट्याने खाली बसलो.