मोडनिंबला उतरल्यावर

पुण्याहून सोलापूरला जाताना टेंभुर्णी मागे पडली की माढा तालुक्यातले मोडनिंब येते. हिवाळ्यात इथे चहाला थांबलो की पोरांसाठी बोरे घेतोच. उमराणची बोरे चांगली टपोरी, आणि झाड कमी पाण्यावर तग धरणारे. पण तोडलेले बोर चार-सहा दिवसांत मऊ पडते, म्हणून मिळेल त्या भावात विकावे लागते.

कांदा टिकतो म्हणतात. टिकतो तो उन्हाळी. खरिपाचा कांदा चाळीत ठेवून भागत नाही. नेमका तोच बाजारात येत असताना, ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने निर्यात बंद केली. २०२४ चा सगळा रमजान बंदीतच गेला. काही देशांना सरकारमार्फत ठरावीक कांदा गेला, तेवढाच. शहरात आपल्या इफ्तारची भजी स्वस्त झाली खरी, पण ती सवलत सरकारी तिजोरीतून नव्हे, या शेतकऱ्यांच्या खिशातून आली. आम्हाला हे पटत नाही.

४ मे २०२४ ला बंदी उठली, तीही ४० टक्के शुल्क लावून. सप्टेंबरात ते २० टक्क्यांवर आले, १ एप्रिल २०२५ ला पूर्ण गेले. तोवर खरिपाचे दोन हंगाम निघून गेले होते.