बुंधा

चित्रातलं झाड बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणासाठी तरी उभं असतं. कास्पार डेव्हिड फ्रीडरिखच्या 1810च्या सुमाराच्या चित्रात मठाच्या पडक्या भिंतीभोवती निष्पर्ण ओक आहेत आणि खालून शवपेटी चालली आहे. ओकांनी तिथं मरणाची चाकरी पत्करली आहे. चित्र थोरच, पण त्या ओकांसाठी माझा जीव तुटत नाही.

तुटतो तो इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबलच्या एल्मसाठी. 1821च्या आसपास त्यानं वहीच्या पानाएवढ्या कागदावर तैलरंगात एल्मचा नुसता बुंधा रंगवला. शेंडा चौकटीबाहेर. सालीच्या उभ्या भेगा, भेगांत साचलेला काळोख, मधूनच उन्हाचे कवडसे. बळ, वार्धक्य, वैराग्य असलं काहीही त्या झाडाच्या माथी मारलेलं नाही.

तसले एल्म पुढं इंग्लंडच्या शिवारातून गेले. 1960च्या दशकात उत्तर अमेरिकेहून आलेल्या लाकडातून एक जहाल बुरशी आली. सालीतल्या भुंग्यांनी ती झाडोझाडी नेली. पाणी वर चढायच्या वाटाच बुजल्या आणि लाखो झाडं उभ्या उभ्या तहानेनं मेली. शवपेटीला एल्मच्या फळ्या वापरायची तिकडं जुनी रीत होती; पिढ्यान्‌पिढ्या माणसांना मातीत पोचवणाऱ्या झाडाला खांदा द्यायला मात्र कुणी नव्हतं.

कॉन्स्टेबलनं स्वतः एका झाडाचं सुतक पाळलं होतं. 1836 साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, हॅम्पस्टेडच्या व्याख्यानात त्यानं एका अ‍ॅशचं चित्र दाखवलं आणि सांगितलं, ही तरुणी मानहानीनं गेली. गावाच्या वेशीवर ती उभी होती. भिकाऱ्यांना नि भटक्यांना कायद्याचा धाक घालणारी पाटी कुणीतरी तिच्या कुशीत लांब खिळ्यांनी ठोकली. आधी शेंडा वाळला, मग अर्धं अंग, मग उरलेलं. शेवटी तिला तोडलं, पण पाटी टांगण्यापुरता बुंधा ठेवला. लोक हसले असतील का? असतीलही. मला हसू येत नाही.

आमच्या रस्त्यावरच्या वडाला क्लासची पाटी ठोकली आहे. वडानं हळूहळू साल पुढं सरकवत तिची एक कड गिळली. फोन नंबरातले शेवटचे तीन आकडे आत गेले आहेत. बाकीचेही जावोत.