जळगाव–धुळे रस्ता आणि रियाधचा फोन

जळगाव आणि धुळे यांच्यात साधारण ९० किलोमीटरचे अंतर. एस.टी.ने दोन-अडीच तास लागतात. सुरतेहून नागपूरकडे जाणारा हा महामार्ग आमच्या लहानपणी ‘सहा नंबरचा हायवे’ होता. आता त्याचा नंबर ५३ झाला, तरी जुनी माणसे सहाच म्हणतात. कापसाच्या गाड्या, केळीचे ट्रक आणि लग्नाची वऱ्हाडे या रस्त्याने सतत जात असतात. त्यांच्यासोबत दवाखान्याची वर्दळही असते. मांडीवर एक्स-रेचे पाकीट, पायाशी डब्याची पिशवी, हातात फोन आणि फोनवर दूरदेशीचे कुणीतरी, असा एखादा प्रवासी प्रत्येक गाडीत भेटतो.

मागच्या डिसेंबरात ही वर्दळ माझ्याही वाट्याला आली. माझे माहेर धुळ्याचे, सासर आणि शाळेची नोकरी जळगावची. अम्मी बहात्तर वर्षांच्या आहेत. फजरच्या वुजूसाठी उठल्या आणि न्हाणीच्या ओल्या फरशीवर घसरल्या. खुब्याचे हाड मोडले. धाकटा भाऊ रियाधला एका कंपनीत नोकरीला आहे. घरी त्याची पत्नी आणि दोन लहान मुले. अम्मी तिला ‘दुल्हन’ म्हणतात, म्हणून आम्हीही दुल्हनच म्हणतो.

बातमी कळताच मी पहिली गाडी धरली. जळगाव सोडले की बांभोरीला गिरणा लागते आणि पलीकडे विद्यापीठ दिसते. पाळधी मागे पडते, मग एरंडोल येते. एकेकाळी एरंडोलचा हातकागद नावाजलेला होता. पुढे पारोळ्याचा भुईकोट किल्ला, मग फागणे आणि शेवटी धुळे. एरवी शाळेच्या सहलीत मी मुलांना हे सारे दाखवत असते. त्या दिवशी फक्त गावांची नावे मोजत होते. एरंडोलला पोहोचेपर्यंत रियाधहून तीन फोन आले.

“आपा, मी येईपर्यंत थांबायला सांग. चार दिवस दे मला. माझ्या गैरहजेरीत अम्मींना ऑपरेशनला नेऊ नका.”

त्याचे म्हणणे मुलाच्या काळजातून आलेले होते. परंतु धुळ्याला डॉक्टरांनी समजावले ते वेगळेच होते. वयस्कर माणसाचा खुबा मोडला तर ऑपरेशन शक्यतो दोन दिवसांच्या आत व्हावे. अंथरुणात पडून राहिले की छातीत कफ साठतो, न्यूमोनिया होतो, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते, पाठीला जखमा होतात. मोडलेल्या हाडाइतकाच हा धोका मोठा असतो. अम्मींना मधुमेहही आहे. साखर ताब्यात आणून दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला खुब्याचा मोडका गोळा काढून कृत्रिम गोळा बसवायचा, असे ठरले.

मग सहीचा प्रश्न आला. मामू म्हणाले, “मुलगा नाही तर जावयाची सही घ्या.” आपल्या घरांत हे नेहमीचे आहे. आजारी बाई खाटेवर शुद्धीत असते आणि कागद मात्र पुरुष शोधत फिरतो. कायदा असे सांगत नाही. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाची संमती रुग्णाचीच असावी लागते. समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले. मुलगी सज्ञान होती, म्हणून तिच्या वतीने आईने दिलेली संमती तिथे ग्राह्य धरली गेली नाही. आमच्या डॉक्टरांनीही कागद अम्मींपुढेच धरला आणि काय करणार, धोका काय, हे हिंदीत सावकाश सांगितले. अम्मींनी दोन प्रश्न विचारले. नमाज पढता येईल का? आणि दुल्हनवर किती दिवस बोजा पडेल? मग फोनवर मुलाला म्हणाल्या, “बेटा, तू वहाँ से दुआ कर. दस्तखत मेरा हाथ करेगा.” आणि उर्दूत सही केली.

सौदीचे घड्याळ आपल्या अडीच तास मागे असते. अम्मींना आत नेले तेव्हा रियाधमध्ये सकाळचे साडेसहा वाजले होते. भाऊ कामावर जाणाऱ्या बसमध्ये होता. आम्ही दाराबाहेर बाकावर होतो, पण आमच्या हातात त्याच्यापेक्षा जास्त काही नव्हते. दार बंद झाले की बाकावरचा आणि परदेशातला, दोघेही सारखेच. दोघांपाशी दुआच उरते. दीड-दोन तासांनी डॉक्टर बाहेर आले. अल्हम्दुलिल्लाह, सारे नीट झाले होते.

दुसऱ्याच दिवशी अम्मींना वॉकर धरून उभे केले. त्या दुपारी त्या झोपल्या तेव्हा मी आग्रा रोडने पांझरेपर्यंत चालत गेले. इंग्रजांनी १८१८ मध्ये खानदेश घेतल्यावर इथला कारभार कॅप्टन जॉन ब्रिग्जकडे आला. त्याने धुळे हे मुख्य ठाणे केले आणि गाव वाढवले. याच ब्रिग्जने पुढे फरिश्ताच्या फारसी इतिहासाचे इंग्रजी भाषांतर केले. त्यात खानदेशच्या फारुकी सुलतानांचीही हकीकत आहे. त्या घराण्याच्या कबरी धुळे जिल्ह्यातच तापीकाठी थाळनेरला आहेत. दूर राहून कारभार पाहणाऱ्यांची आपल्या मुलखाला सवय जुनीच, असे मनात आले आणि भावाची आठवण झाली. कारण तोही रियाधहून घराचा कारभार चालवू पाहत होता.

तो दिवसातून दहा फोन करी. मला, दुल्हनला, मामूंना, शेजाऱ्यांना, दवाखान्यातल्या कंपाउंडरला. पाच जण पाच उत्तरे देत आणि त्याची काळजी पाचपट होई. दुल्हनच्या एका हातात अम्मींचा पाय आणि दुसऱ्या हातात फोन. शेवटी आम्ही बसून नियम ठरवले. डॉक्टरांशी एकाच माणसाने बोलायचे. संध्याकाळच्या तपासणीनंतर औषधांच्या कागदाचा आणि रिपोर्टचा फोटो जाईल. इशानंतर एक निरोप जाईल. दिवसा दुल्हनला फोन नाही. आणि पैसे दुसऱ्या कुणाकडे न पाठवता थेट तिच्या खात्यात, म्हणजे औषधाला, रिक्षाला तिला कुणाकडे हात पसरावा लागू नये. अम्मींशी त्याने रोज बोलायचे, पण आजाराबद्दल नाही. मग तो त्यांना त्याच्या खोलीत कुणी काय शिजवले ते सांगू लागला आणि अम्मी त्याला डाळीला बघार कसा द्यायचा ते शिकवू लागल्या. त्यांच्या आवाजात जोर आला तो इथूनच.

खरा प्रश्न रजेचा होता. सौदीच्या कायद्याप्रमाणे वर्षाला किमान २१ दिवस आणि एकाच मालकाकडे पाच वर्षे झाल्यावर ३० दिवस पगारी रजा मिळते. भावाची वर्षभराची रजा शिल्लक होती. त्याला लगेच निघायचे होते. न आल्यास लोक काय म्हणतील, हेही त्याच्या मनात होते. मी त्याला हिशेब मांडून दाखवला. पहिल्या आठवड्यात माणसांची कमी नसते. मामू, खाला, शेजारी, तीन घरांचे डबे. अयादत हा मुसलमानाचा मुसलमानावर हक्क आहे, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपली माणसे मनापासून पाळतात. मात्र आजाऱ्यापाशी थोडाच वेळ बसावे, हा अदब काही जण विसरतात. चौथ्या आठवड्यात डबे बंद होतात, लोक आपापल्या कामाला लागतात. आजारी माणूस तेव्हा अर्धवट चालत असतो आणि घरची बाई थकून गेलेली असते. “तेव्हा ये,” मी म्हटले. अम्मीही तेच म्हणाल्या.

ते चार आठवडे मी दर शनिवारी शाळा सुटल्यावर धुळ्याची गाडी धरत होते आणि रविवारी रात्री परतत होते. एस.टी.त बायकांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, त्याचा मोठा आधार झाला. रस्त्याकडेच्या शेतात कापसाची शेवटची वेचणी चालू होती. बाजारात भरताची हिरवी वांगी आली होती. घरी गेले की दुल्हनला झोपायला पाठवायचे आणि रात्र मी सांभाळायची. पाय दुमडून बसायचे नाही, मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, झोपताना दोन पायांत उशी. आपल्या घरात दस्तरखान जमिनीवर आणि जानमाजही जमिनीवर. म्हणून सारे घरच उंच करावे लागले. खुर्ची उंच, पलंग उंच, कमोडची खुर्ची.

नमाजेचे अम्मींना फार वाटे. मशिदीच्या इमामसाहेबांनी समजावले की आजाऱ्याला दीनने सवलत दिली आहे. खुर्चीवर बसून इशाऱ्याने रुकू आणि सजदा करावा, सजद्याला डोके जरा जास्त झुकवावे. जखमेच्या पट्टीला पाणी लागू न देता वुजू-गुस्लात वरून मसह करावा. डॉक्टर आणि इमामसाहेब दोघांचे एकमत झाल्यावर अम्मी खुर्चीवर राजी झाल्या.

जानेवारीत भाऊ आला. चार तासांचे विमान, मग मुंबईहून कसारा घाट, नाशिक, मालेगाव करत धुळे. आल्यावर पहिल्या दोन दिवसांत त्याने न्हाणीत धरायला दांडे बसवले, खरबरीत फरशी घातली, रात्रीचा दिवा लावला आणि वाटेतली सतरंजी उचलली. तिसऱ्या दिवशी दुल्हनला म्हणाला, “तू आठ दिवस माहेरी जा.” तिचे माहेर रावेरचे. ती गेली आणि अम्मींचा कमोड धुण्यापासून खिचडीपर्यंत सारे त्याने केले. शेजारच्या बायांनी दारातून पाहिले, थोडी कुजबुजही झाली. अम्मी म्हणाल्या, “माँ की खिदमत में कैसी शर्म?”

तो परत गेला तेव्हा अम्मी वॉकर सोडून काठीवर आल्या होत्या. रमजान जवळ आला होता. रोजांचा निर्णय औषधे पाहून डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायचा आणि सुटलेले रोजे पुढे पुरे करायचे, असे त्यांनी स्वतःच ठरवले.

खानदेशात अशी घरे पुष्कळ आहेत, जिथे आई इथे आणि मुलगा आखातात. त्यांनी दोन गोष्टी आजच कराव्यात. आईची औषधे, रक्तगट, जुने आजार आणि डॉक्टरांचा नंबर एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवावा. आणि वेळ आल्यास डॉक्टरांशी कोण बोलेल, रात्री कोण जागेल, मुलाची रजा कधी वापरायची, हे आईला विचारून ठरवावे. अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो आणि त्यांची खिदमत करणाऱ्यांना ताकद देवो. आमीन.